काहीच उघडलं नाही, म्हणजे वाचलो ना?

गेल्या अंकात मी प्रिंटरच्या शाईवर लिहिलं होतं. पत्रं मात्र आली ती सगळी मेलच्या अटॅचमेंटमधून येणाऱ्या व्हायरसबद्दल. शाई बहुतेक सगळ्यांना परवडते असं दिसतंय! त्यातली पाच पत्रं इथं घेतली आहेत.

प्रश्न : ताई, मी बेळगावच्या उद्यमबागमधल्या तीन लहान कारखान्यांचे हिशेब संध्याकाळी घरच्या कॉम्प्युटरवर लिहितो. परवा 'अर्जंट पर्चेस ऑर्डर' म्हणून मेल आली, सोबत रार फाईल, म्हणजे झिपसारखं फाईलींचं गाठोडं. आत पीडीएफचं लाल चित्र असलेली एक फाईल होती. डबल क्लिक केलं, काहीच उघडलं नाही. आणखी दोनदा करून बघितलं आणि सोडून दिलं. अँटीव्हायरसही काही बोलला नाही. म्हणजे वाचलो ना? – एक वाचक, अनगोळ

उत्तर : वाचलात असं मला म्हणवत नाही, भाऊ. पीडीएफ खरीच बिघडलेली असती तर 'ही फाईल उघडत नाही' असा बोर्ड पडद्यावर आला असता. डबल क्लिक केल्यावर सगळं चिडीचूप, हे एखादा प्रोग्रॅम चालू होऊन मागं जाऊन बसल्याचं लक्षण असतं. आणि तुम्ही तर त्याला तीनदा आत बोलावलंत.

ते लाल चित्र विसरा. प्रोग्रॅम बनवणारा त्याला हवं ते चित्र चिकटवू शकतो. कुंद्याच्या बॉक्सवर कुठल्याही दुकानाचं नाव छापता येतं, तसंच हे. फाईलची खरी जात तिच्या नावाच्या शेवटच्या टिंबापुढं लिहिलेली असते आणि नेमकी तीच अक्षरं विंडोज आपण होऊन लपवतं. नाव असतं 'ऑर्डर डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई', तुम्हाला दिसतं 'ऑर्डर डॉट पीडीएफ'. ही युक्ती नवी नाही. मे २००० मध्ये फिलिपिन्समधून निघालेला 'आय लव्ह यू' हा व्हायरस असाच जगभर गेला. त्याच्या प्रेमपत्राच्या नावाचा शेवट 'डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस' असा होता. लोकांना टीएक्सटी दिसलं, म्हणजे साधा मजकूर, म्हणून उघडलं. मग त्यानं ज्याच्या-त्याच्या आउटलुकच्या वहीतल्या सगळ्या पत्त्यांवर तीच चिठ्ठी धाडली. पाव शतक उलटलं, विंडोज अजून ती अक्षरं झाकूनच ठेवतंय. मायक्रोसॉफ्टचा मला सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल तर याचा.

तेव्हा आज पहिलं काम हे करा. कुठलंही फोल्डर उघडा, वर 'व्ह्यू' आहे त्यावर जा. विंडोज ११ असेल तर त्यात 'शो' आणि त्यात 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिक करा. विंडोज १० मध्ये 'व्ह्यू'च्या पट्टीतच ती चौकट आहे. मग शेवटी ईएक्सई, एससीआर, जेएस, व्हीबीएस, बॅट, एचटीए असलं काही दिसलं तर ती ऑर्डर नसते, प्रोग्रॅम असतो. आयएसओ किंवा आयएमजी दिसलं तर ते सीडीचं बंद पाकीट, आत काय आहे ते बाहेरून कळत नाही. यातही एक जात सुटते. शॉर्टकटची एलएनके ही अक्षरं टिक करूनसुद्धा दिसत नाहीत. त्याची खूण म्हणजे चित्राच्या डाव्या कोपऱ्यात खाली एक छोटा वाकडा बाण. मेलमधून आलेल्या फाईलवर तो बाण दिसला तर विचार न करता डिलीट.

आता तुमच्याकडं काय होऊन बसलं असेल ते सांगते. 'पर्चेस ऑर्डर', 'कोटेशन', 'पेमेंट अॅडव्हाईस' या नावांनी येणारे हे बहुतेक चोर असतात. काही मोडत नाहीत, कुलूप लावत नाहीत. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलतात, तुम्ही काय टाइप करता ते टिपतात आणि गुपचूप बाहेर पाठवतात. आपल्याकडं फाउंड्री आणि मशीनशॉपवाल्यांना अशा मेल भरपूर येतात. अनोळखी गिऱ्हाइकाची ऑर्डर उघडणं हीच त्यांची रोजची भाकरी, मग ते उघडणारच की.

म्हणून कॉम्प्युटरची नेटची वायर काढा, वायफाय बंद करा. मग मोबाईलवरून, त्या कॉम्प्युटरवरून नव्हे, आधी मेलचा पासवर्ड बदला. मेल आधी यासाठी, की बाकी सगळे पासवर्ड तिच्यातूनच बदलता येतात. मेलच्या सेटिंगमध्ये 'सगळीकडून लॉग आउट' करा आणि दोन टप्प्यांची तपासणी (टू-स्टेप व्हेरिफिकेशन) चालू करा. तिथंच 'फॉरवर्डिंग'मध्ये कुणा अनोळख्याचा पत्ता घातलेला नाही ना, तेही बघून घ्या. मग बँक, जीएसटी, इन्कमटॅक्स. त्यानंतर कॉम्प्युटरवर विंडोज सिक्युरिटीतलं 'डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' लावा. त्यात कॉम्प्युटर बंद होऊन परत चालू होतो आणि विंडोज पूर्ण उठायच्या आधी तपासणी होते. साधारण पंधरा मिनिटं लागतात. त्यात काही सापडलं, तर माझ्या मते टॅलीचा डेटा आणि कागदपत्रं बाहेर काढून विंडोज नव्यानं टाकावं. हिशेब दुसऱ्यांचे आहेत, तिथं 'बहुतेक गेला असेल' चालत नाही.

आणि त्या तिन्ही कारखान्यांना फोन करून सांगा. लाज वाटेल, पण उद्या तुमच्या नावानं त्यांना 'आमचा बँक खाते नंबर बदललाय' अशी मेल गेली तर त्याहून जास्त वाटेल. खात्यातून पैसे गेलेच असतील तर १९३० वर लगेच फोन करा, बँकेत जाऊन रांगेत उभं राहायच्याही आधी. पहिल्या तासाभरात सांगितलं तर पुढच्या खात्यात पैसे अडवायची संधी जास्त असते.

प्रश्न : माझं निपाणीत डीटीपीचं छोटं दुकान आहे, दुकान कसलं, घरातली पुढची खोली. लग्नपत्रिका, जाहीर नोटिसा, मंडळांचे अहवाल. दिवसभर अनोळखी लोक मेलनं वर्डच्या फाईली, फोटो, झिप पाठवतात. 'अनोळखी अटॅचमेंट उघडू नका' असं सगळे सांगतात. मी उघडलं नाही तर खाऊ काय? – एक वाचक, निपाणी

उत्तर : हा प्रश्न माझाही आहे. शहापुरात आमची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. तिचं पुढं डीटीपी झालं आणि त्यातूनच मी कॉम्प्युटर दुरुस्तीत आले. तेव्हा ऐका, मी कशी फसले ते.

२०१६ चा मार्च महिना. लग्नसराई तोंडावर, शिवाय एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची ११२ पानी स्मरणिका हातात. 'इनव्हॉइस' नावाची वर्डची फाईल मेलनं आली. उघडली तर आत उलटसुलट इंग्रजी अक्षरं, काहींवर टिंबं, काहींवर टोप्या. वर एक ओळ होती, तिचा अर्थ असा, की अक्षरं बरोबर दिसत नसतील तर मॅक्रो (फाईलच्या पोटात बसवलेला छोटा प्रोग्रॅम) चालू करा. पिवळ्या पट्टीवर बटण तयारच होतं.

बाकी दुनियेतल्या माणसाला असा कचरा दिसला तर तो कदाचित दचकेल. आपण मराठी डीटीपीवाले दचकू का ओ? श्रीलिपीतली फाईल त्या फाँटशिवाय उघडली की आपल्याला रोज असंच दिसतं! कुणाचा कृतिदेव, कुणाचं आणखी काही. अक्षरांचा कचरा दिसला की काहीतरी दाबायचं, फाँट टाकायचा, मग मराठी दिसतं, ही वीस वर्षांची सवय बोटांना लागलेली. माझं बोट आपसूक बटणावर गेलं. ज्यानं ती फाईल बनवली त्याला श्रीलिपी काय ठाऊक असणार, पण जाळं बरोबर माझ्याच मापाचं निघालं.

अर्ध्या तासानं स्मरणिकेचं फोल्डर उघडलं तर एकही नाव ओळखू येईना. प्रत्येक फाईलचं नाव म्हणजे आकड्या-अक्षरांची लांबलचक माळ आणि शेवटी 'डॉट लॉकी'. कुठली पत्रिका, कुठला फोटो, काही पत्ता नाही. बॅकअप होता, नाही कसा! पेनड्राइव्हवर. आणि पेनड्राइव्ह कॉम्प्युटरलाच टोचलेला. त्यावरच्या फाईलींनाही तेच नाव लागलं होतं. सगळ्या फाईलींना कुलूप लागलं होतं आणि ते उघडायला खंडणी मागितली ती अर्धा बिटकॉइन, तेव्हाचे साधारण चौदा हजार रुपये. मी दिले नाहीत. त्यात शहाणपण काही नव्हतं, बिटकॉइन कुठं मिळतं हेच ठाऊक नव्हतं.

वाचलं ते एवढंच, की स्मरणिकेची पहिली साठ पानं प्रूफ म्हणून मुख्याध्यापकांना मेलनं पाठवलेली होती. जीमेलच्या 'सेंट'मधून ती पीडीएफ परत काढली. उरलेली पानं घरातल्या तिघांनी मिळून नऊ रात्री परत टाइप केली. पत्रिकांचे जुने नमुने गेले ते गेलेच.

आता तुमचं. फाईल उघडायचीच आहे, पण तुमच्या कॉम्प्युटरवर उघडायला पाहिजे असं कुठं आहे? जीमेलमध्ये अटॅचमेंटवर क्लिक केलं की ती ब्राउझरमध्येच दिसते, तिथं वर्डचा मॅक्रो चालत नाही. मजकूर कॉपी करून घ्या, बास. श्रीलिपीतली असेल तर तिथं कचराच दिसणार. त्या गिऱ्हाइकाला फोन करून पीडीएफ मागवा किंवा मजकूर सरळ युनिकोडमध्ये व्हॉट्सअॅपवर टाकायला सांगा. आजकाल जवळजवळ प्रत्येकाच्या मोबाईलवर मराठी युनिकोडच असतं.

वर्डमध्ये उतरवून घ्यावीच लागली तर 'एनेबल एडिटिंग' एकवेळ दाबा, पण 'एनेबल कंटेंट' कधीही नको. लग्नपत्रिकेच्या मजकुराला मॅक्रो लागत नाही, जाहीर नोटिशीलाही नाही. मायक्रोसॉफ्टनं २०२२ पासून नेटवरून आलेल्या फाईलींतले मॅक्रो अडवायला सुरुवात केली. तिथं आता लाल पट्टी येते आणि तिच्यावर चालू करायचं बटणच नसतं. पण ही सोय नव्या ऑफिसमध्ये. आपल्या भागातल्या निम्म्या दुकानांत अजून ऑफिस २००७ नांदतंय, त्यात मॅक्रो चालू करायची सोय जिवंत आहे.

पासवर्ड घातलेली झिप आली आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिलेला असेल तर हात लावू नका. पासवर्ड असला की मेल तपासणाऱ्या यंत्रणेला आत डोकावता येत नाही, म्हणून चोर ती कुलूप लावून आणि किल्ली सोबत देऊन पाठवतात. बँकेच्या स्टेटमेंटलाही पासवर्ड असतो हे खरं, पण बँक तो लिहून देत नाही. जन्मतारीख, नावाची चार अक्षरं, असा कसा बनवायचा तेवढं सांगते.

विंडोज सिक्युरिटीत 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन' (खंडणीखोर व्हायरसपासून बचाव) नावाची जागा आहे, तिथं 'कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस' चालू करता येतं. मग अनोळखी प्रोग्रॅमला तुमच्या फोल्डरांतल्या फाईली बदलता येत नाहीत. कोरलड्रॉ पहिल्या दिवशी सेव्ह करताना तक्रार करील, त्याला परवानगीच्या यादीत घाला. आणि तुमचं कोरलड्रॉ 'क्रॅक' केलेलं, म्हणजे पैसे न भरता चोरून टाकलेलं असेल (मी विचारत नाहीये), तर ते टाकताना अँटीव्हायरस बंद करायला सांगितला होता का, आणि नंतर तो परत चालू केलात का, एवढं बघा. मेलमधल्या चोराला दार बंद आणि क्रॅकवाल्याला पाटावर बसवून जेवण, असं मी डझनभर दुकानांत बघितलंय.

बॅकअपला दोन हार्डडिस्क घ्या. एक सोमवारी, एक गुरुवारी. कॉपी झाली की वायर काढून कपाटात. मी कपाटाच्या दाराला आतून कॅलेंडर लावलंय, ज्या दिवशी कॉपी केली त्या तारखेवर पेन्सिलनं गोल. गोल नसला की सासूबाईसुद्धा विचारतात, 'आज काढला नाहीस काय गं?'

प्रश्न : माझ्या जुन्या सहकारी शिक्षिकेची मेल आली. दोन वर्षांपूर्वी आम्ही सहलीबद्दल एकमेकींना लिहिलं होतं, त्याच मेलला उत्तर म्हणून. खाली माझा जुना मजकूरही होता. वर एकच ओळ, 'सोबतची फाईल बघा', तीही इंग्रजीत. मी उघडली नाही, पण त्यांना वाईट वाटेल का? – एक निवृत्त शिक्षिका, टिळकवाडी

उत्तर : बाई, तुम्हाला शंका आली ती त्या एका इंग्रजी ओळीमुळं ना? दोन वर्षं मराठीत लिहिणारी मैत्रीण एकाएकी इंग्रजीत का बोलायला लागली? मी माझ्या विद्यार्थ्यांना नेमकं हेच बघायला सांगते.

कुणाची तरी मेलपेटी चोरीला गेली की चोर नवी मेल लिहीतच बसत नाहीत. जुन्या संवादालाच उत्तर देतात, म्हणजे खाली तुमचेच शब्द, विषय तुमचाच. इमोटेट नावाच्या व्हायरसनं हा प्रकार फार चालवला. जानेवारी २०२१ मध्ये आठ देशांच्या पोलिसांनी मिळून त्याची यंत्रणा ताब्यात घेतली, तर नोव्हेंबरमध्ये ती परत उभी राहिली.

मेल तुमच्या मैत्रिणीच्याच कॉम्प्युटरवरून निघाली असेल असंही नाही. त्या जुन्या संवादात आणखी पाच-सहाजणी असतील तर त्यांच्यातल्या कुणाचीही पेटी फुटली तरी पुरे. पाठवणाऱ्याच्या नावावर टिचकी मारून पूर्ण पत्ता बघा. नाव मैत्रिणीचं आणि पत्ता भलताच निघाला तर चोरानं फक्त नाव वापरलंय. पत्ता तिचाच असेल तर पेटी फुटलीय.

मेललाच उत्तर देऊन 'तू पाठवलीस का?' विचारू नका, पेटीत चोर बसला असेल तर तोच 'होय' म्हणेल. फोन लावा. वाईट वाटण्याचं म्हणाल तर, माझ्या आईच्या मैत्रिणीला मी असाच फोन केला होता, त्या म्हणाल्या, 'बरं केलंस की, सकाळपासून तू नववी.' आठजणींनी फाईल उघडून झाल्यावर फोन केला होता.

प्रश्न : आमच्या मोबाईलवर 'आरटीओ चलन' नावाची एपीके फाईल आली, मजकूर कन्नडमध्ये. मला कन्नड नीट वाचता येत नाही. सरकारी असेल तर दंड वाढेल म्हणून भीती वाटते. कॉम्प्युटरवर घेऊन उघडली तर चालेल का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : कॉम्प्युटरवर ती उघडणारच नाही, कारण एपीके म्हणजे अँड्रॉइड मोबाईलवर अॅप बसवायची फाईल. चलन हा कागद असतो, अॅप नसतं. लग्नाचं आमंत्रण, बँकेची केवायसी, विजेचं बिल, सगळी सोंगं घेऊन ही फाईल फिरते आणि बसली की तुमचे एसएमएस वाचते, म्हणजे ओटीपीसुद्धा.

कर्नाटकातल्या आपल्या मराठी भागातली खरी गोची तुम्ही लिहिलीत. कन्नडमध्ये कागद आला की आपण तो न वाचताच सरकारी धरतो. उताऱ्यापासून नळपट्टीपर्यंत सगळं त्या लिपीत येतं, तेव्हा धाक बसतोच. पण मजकूर वाचायला फाईल उघडावी लागत नाही. दिसतोय त्या मजकुराचा स्क्रीनशॉट घ्या, गुगल लेन्सला दाखवा, मोडकं का होईना मराठी देतं. नाहीतर शेजारच्या कन्नड शाळेतल्या पोराला वाचायला सांगा. चलन खरंच आहे का हे परिवहनच्या सरकारी साइटवर गाडीचा नंबर घालून स्वतः बघा, मेसेजमधल्या लिंकवरून नको.

प्रश्न : पैसे भरून अँटीव्हायरस घ्यावा का? आमच्याकडं विंडोज १० आहे. – एक वाचक, वडगाव

उत्तर : घरच्या वापराला विंडोजमधलाच डिफेंडर पुरतो. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या कैलास काटकरांनी आणि त्यांच्या भावानं क्विक हील उभं केलं याचा मलाही अभिमान आहे आणि वर्षाचे पैसे भरून कुणी घेत असेल तर माझी ना नाही. मात्र दोन-दोन अँटीव्हायरस एकत्र नकोत आणि मुदत संपलेला तर अजिबात ठेवू नका. तो काढून टाका, म्हणजे डिफेंडर कामाला लागेल. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कॉम्प्युटर ११ घेत असेल तर ते टाका. घेत नसेल तर मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेटची सोय ठेवलीय, ती सेटिंगमधल्या 'विंडोज अपडेट'च्या पानावरून नोंदवता येते.